सात, शेपूट!

बसा रे पोरांनो. वीज गेली तर जाऊ दे, तिलाही बिचारीला ऐकायची भीती वाटली असेल. तेजस्वी, ती वेफर्सची पिशवी कुरकुरवू नको गो बाय, मला वाटलं दुकानात घूस शिरली.

तर उद्या पहाटे तुमची स्वारी हेदवीला निघणार. ब्रेक झाले, चेनला तेल झालं, हवा झाली. एवढी एकच गोष्ट राहिली, आणि ती ऐकल्याशिवाय भिकाजीच्या दुकानातून एकाचीही सायकल बाहेर पडायची नाही. रात्रीची गोष्ट नव्हे हां. रात्रीच्या गोष्टी काय, कोणीही सांगतो. भुतांना काय कायमची रात्रपाळी लागलेली असते? ही दिवसपाळीची आहे. तारीख चौदा मे, साल दोन हजार तेवीस, वार रविवार. भर दुपारचे बाराला वीस कमी.

गुरुप्रसादला तुम्ही ओळखता. तोच, नाचणे गावाच्या बाजूला राहतो तो, चाळिशीतला, बोलताना उगाच हात जोडणारा. इतका सभ्य माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. रस्त्यात कुत्रं आडवं झोपलेलं असलं तरी त्याला 'जरा हां' म्हणून बाजूनं जाईल. याच सभ्यपणानं त्याचा घात केला. म्हणजे त्याचा नव्हे, त्याच्या पुतणीचा. पण थांबा, सुरुवातीपासून सांगतो.

पुतणी म्हणजे सानवी. वय पंधरा, मुक्काम डोंबिवली, मे महिन्याची सुट्टी म्हणून काकाकडं आलेली. आल्या दिवसापासून काकाच्या मागं भुणभुण, मला पण राइडला ने, मला पण ने. शेवटी गुरुप्रसादनं वहिनीला फोन लावला. वहिनी म्हणाली, "न्या भावोजी. पण नेताय तशी परत आणा. माझी एकच आहे." हे वाक्य त्याच्या कानात असं बसलं, की तीन वाजता उठून त्यानं पोरीच्या सायकलचा एकेक नट दोनदा आवळला.

माणसं सात. पुढं राही, शाळेत मुलांना कवायत शिकवते ती. मागं बँकेतले दोघे, त्यांची नावं कशाला, ते अख्ख्या राइडमध्ये तीन शब्द बोलले. मग मिरकरवाड्याचा बाबल्या, मग ऋतिका, मग सानवी आणि सगळ्यात शेवटी गुरुप्रसाद. शेवटच्या माणसाला त्यांच्यात शेपूट म्हणतात. शेपटाचं काम एकच, त्याच्या मागं कोणी राहता कामा नये.

आणि राहीबाईंचा एक नियम होता. दर दोन-तीन किलोमीटरला ती पुढून ओरडायची, "नंबर!" आणि स्वतःच म्हणायची, "एक!" मग मागं मागं दोन, तीन, चार, पाच, सहा करत गुरुप्रसाद ओरडायचा, "सात, शेपूट!" की राही म्हणायची, "पूर्ण!" मान वळवायची गरज नाही. पूर्ण म्हटलं की सगळे आहेत. तिचा आवाज असा, 'पूऽऽर्ण!' ...बघा, जमला की नाही? तेजस्वी दचकली बघा! आवाज काढण्यात आपण पहिल्यापासून पटाईत. शाळेत सातवीत तीनदा बसलो, पण हेडमास्तरांच्या आवाजात शाळा दोनदा सोडून दिलीय. तरुणपणी शिमग्यात नमनाच्या खेळात असायचो, तेव्हा मावशीपासून रावणापर्यंत सगळे आवाज एकट्याचे. असो. माझं राहू दे.

तर मंडळी काळोखात निघाली, आरे-वारेचा समुद्र डाव्या हाताला ठेवून मालगुंड, तिथून आतल्या रस्त्यांनी जयगड. तिथं फेरीबोटीत सायकली चढवल्या आणि पलीकडं तवसाळला उतरली. सगळं कसं मजेत. बाबल्या बोटीत सगळ्यांना चिंगळं-कोळंबीची नावं शिकवत होता आणि बँकवाले त्यातही गप्प.

गुरुप्रसादकडं एक काम होतं. तवसाळहून चढण चढून वर आलं की एक वाडी लागते, तिथं त्याची आत्या राहते, तुळसाआत्ये. तिचा चष्मा मोडलेला, तो त्यानं रत्नागिरीत नवीन काचा घालून आणला होता. डबीत घालून, रुमालात गुंडाळून खिशात ठेवलेला. पण जाताना दाराला कडी. शेजारीण म्हणाली, "म्हातारी काजूत गेलीय, दुपारपर्यंत येईल." म्हणजे परतीच्या वाटेवर द्यायचा. ठीक.

वाडी सोडली की कातळ सुरू होतो. तुम्ही उद्या बघालच. झाड नाही, सावली नाही. काळाकुट्ट दगड आणि त्यावर करपलेलं गवत. मधून एकच रस्ता. दीड-दोन किलोमीटरवर एक वळण आहे. वळणाच्या डाव्या अंगाला अंजनीचं एक खुरटं झुडूप, आणि त्याच्या बुंध्याशी पाल्याचा ढीग. वाळलेला, अर्धा वाळलेला, कालचा, आजचा. त्या वाटेनं जाणारा माणूस थांबतो, एक डहाळी मोडतो, ढिगावर ठेवतो आणि काही न बोलता निघतो. का, ते कोणी सांगत नाही. झुडपामागं वीस पावलांवर चिऱ्याची बंद पडलेली खाण आहे. चार पुरुष खोल. काठाला ना कुंपण ना पाटी.

पुढचे सहाही जण सूंऽ करून निघून गेले. बाबल्या ओरडला, "गुरवा, पालापाचोळा गोळा करायला आलास काय?" पण गुरुप्रसाद आत्येच्या गावचा रिवाज कसा मोडणार? उतरला. डहाळी मोडली, ठेवली. हात जोडले. आणि सवयीनं, तुमच्या-माझ्या सवयीनं, त्याच्या तोंडून निघून गेलं...

"येतो हां."

हसताय काय? आपल्यात निघताना 'जातो' कोण म्हणतं? जातो म्हणणाऱ्याला घरातली बाई आधी दटावते, मग पाणी देते. माणूस निघाला तरी येतोच म्हणतो. पण एक जागा अशी असते पोरांनो, जिथं येतो म्हणायचं नसतं. मयताच्या घरून निघताना आपण काय म्हणतो? काहीच नाही. गप उठतो, चपला घालतो आणि चालू लागतो. हे कळत सगळ्यांना असतं. पण जीभ म्हणजे काय ब्रेक लावलेली सायकल आहे?

त्यानं टांग मारली. तेवढ्यात मागं आवाज आला.

टिक टिक टिक टिक...

सायकल उतारावर सोडून दिली, पायडल मारायचं थांबवलं, की मागचं चाक टिकटिकतं ना, तसा. जुन्या सायकलीचा, सावकाश. गुरुप्रसादनं वळून पाहिलं. रस्ता मोकळा. लांबपर्यंत मोकळा. वर नुसतं ऊन.

"असेल काहीतरी," म्हणाला आणि पुढच्यांना गाठायला निघाला.

हेदवीला दशभुजा गणपतीचं दर्शन झालं, सरबत झालं, फोटो झाले. साडेदहाला परत फिरले, कारण राहीला दुपारची फेरीबोट गाठून जयगडला सावलीत जेवायचं होतं. कातळ सुरू व्हायच्या आधी गुरुप्रसाद पुढं आला.

"राहीताई, मी जरा जोरात पुढं होतो. आत्येला चष्मा देतो, तेवढ्यात तुम्ही याल. मागून तुम्हाला गाठतो."

"आणि शेपूट कोण?"

"मी!" सानवी म्हणाली. "काका, मी होते ना! प्लीज!"

"नवं पोर शेपटाला ठेवत नाहीत," बाबल्या म्हणाला. चेष्टेत नव्हे. तो समुद्रावरचा माणूस, शेवटच्या होडीचं त्याला माहीत.

गुरुप्रसाद घुटमळला. पण त्या पोरीचं तोंड असं लखलखलेलं, की त्याच्यानं नाही म्हणवेना. "दोन-तीन किलोमीटर तर आहे," तो म्हणाला. "सहाला 'शेपूट' जोडून म्हण. आणि ऋतिकाला सोडू नको."

एवढं सांगून तो सुटला. घाईत होता. वळण आलं, अंजनी आली, पाल्याचा ढीग आला. या खेपेला तो थांबला नाही.

लक्षात ठेवा. सकाळी येतो म्हणाला होता. आला, आणि न थांबता निघून गेला.

तुळसाआत्ये घरी होती. पडवीत काजू फोडत बसलेली, नुसत्या हाताच्या अंदाजानं. "कोण तो? गुरू काय?" तिनं पावलांवरनं ओळखलं. मग आत नेलं, माठातलं पाणी दिलं, कोकमाचं सरबत ढवळायला घेतलं. "किती जणं आलाव रे?"

"सात. बाकीचे मागनं येतायत."

"ह्या उन्हात? येडी झालाव काय मेल्यांनो?"

तो हसला. खिशातनं डबी काढली. रुमाल सोडत होता, तेवढ्यात बाहेर रस्त्यावर चाकांचा आवाज आला. आणि राहीचा खणखणीत आवाज.

"नंबर! एक!"

"दोन."

"तीन."

"चार!" हा बाबल्या.

"पाच!"

आणि मग...

"सऽहाऽऽ... शेऽपूऽऽट..."

लांबवलेला. नमनात झील धरणारे शेवटचा सूर कसा ओढत नेतात, तसा. कातळाच्या टोकापर्यंत गेला तो सूर आणि हळूहळू विरला.

"पूर्ण!" राही ओरडली. चाकं पुढं गेली.

गुरुप्रसादला हसू आलं. "बघितलंस आत्ये, पोरगी कशी नकला करते."

आत्येच्या हातातला चमचा थांबला होता.

"पोरगी?"

"शेवटची. सानवी, दादाची. अगो तिला आजच..."

"मागचा तो बाप्या व्हता, गुरू."

"नाही गो. सानवी होती ती."

"मेल्या," आत्ये म्हणाली, "माझे डोळे गेलेत. कान नाय गेले."

आणि तिनं हात पुढं केला. "चष्मा दे."

चष्मा लावून ती पडवीच्या कडेला आली. तो तिच्या मागं. समोर रस्ता चढून पलीकडं उतरत होता. चढावर सायकली दिसत होत्या, पाठमोऱ्या. पिवळं हेल्मेट, ती राही. दोन निळी. बाबल्याचं लाल. ऋतिकाचं पांढरं.

आणि सहावी सायकल.

डोक्यावर हेल्मेट नाही. अंगात पांढरा सदरा. उंच, काळी, जुनी सायकल. चढाव चांगला छातीवरचा. पुढचे पाचही जण उठून, उभे राहून पायडल मारत होते.

सहावा पायडल मारत नव्हता.

तसाच... चढत होता.

आत्येनं चष्मा काढला. घडी घातला. पुन्हा डबीत ठेवला. तिचं बोलणं अगदी हलकं झालं.

"जाताना तू वळणाव पाला ठेवलास?"

"ठेवला."

"बोललास काय?"

"नाही. काही नाही. म्हणजे..." आणि त्याला आठवलं. "येतो म्हणालो."

"कुठनं म्हणालास? पुढनं का मागनं?"

"मागनं. मी शेपटाला होतो ना."

"आणि आत्ता शेपटाला कोण व्हतं?"

तो सायकलीकडं धावला. आत्येनं त्याचा दंड धरला. म्हातारीच्या हातात एवढा जोर कुठनं आला, देव जाणे.

"ऐक आधी. भागोजी तो. एकोणऐंशी सालचा शिमगा. आठ जणं नमन करून सायकलीनं परत येत व्हते. भागोजी झील धरायचा, तो सगळ्यात मागं. वळणाव त्याची सायकल खाणीत गेली. पुढल्यांनी हाक मारली, भागोजी, हायस काय रे? तर मागनं आवाज आला, हाऽऽय. म्हणून कुणी वळून बघितलंन नाय. सात जणं घरी आली. संध्याकाळपातूर तो खाली जिता व्हता."

"मग हाय कोण म्हणालं?"

"पुढच्या सातातलाच कोण तरी. भागोजीचा आवाज काढलान. मस्करीनं."

...

पाणी द्या रे कोणीतरी. घसा सुकला.

हं. तर त्या दिवशी पुढं सातजण होते. हसत होतो... हसत होते. एकमेकांना टाळ्या देत. ऊन होतं, ताशाची गंमतजंमत चालली होती, कोणाला काय कळणार? पोरं होती हो. तुमच्याएवढी.

असो. आत्ये म्हणाली, "तिला नावानं हाक मारू नको. नावानं तिला आधीच कोण तरी बोलवलान असंल. तुमची ती मोजणी कर. पुरी कर. मागं बघू नको. आणि निघताना..."

"काही बोलायचं नाही."

"आता नाय तसं चालणार. तू शब्द दिलास. शब्द मागं घे. जातो म्हण."

गुरुप्रसाद निघाला.

बाराला वीस कमी. रस्त्यावर माणूस नाही, पाखरू नाही. स्वतःची सावली पायाखाली दडलेली. डांबर मऊ झालेलं, चाकाला चिकटत होतं. तो उभा राहून पायडल मारत होता. कानात एकच वाक्य. नेताय तशी परत आणा. नेताय तशी परत आणा.

अर्धी वाट झाली.

टिक टिक टिक टिक...

मागं.

त्यानं जोर लावला. आवाज तेवढाच. जवळ नाही, लांब नाही. त्यानं पायडल थांबवलं. त्याच्या चाकाची टिकटिक सुरू झाली. आणि मागची...

बंद झाली.

पुन्हा पायडल मारलं. पुन्हा मागनं, टिक टिक टिक.

वळून बघितलं नाही त्यानं. मान अशी ताठ, की दुखायला लागली. डोळ्यांत घाम. वळण आलं.

सानवीची सायकल रस्त्याच्या कडेला आडवी. पुढचं चाक अजून हळूहळू फिरत होतं.

आता विचार करा. केव्हापासून फिरत होतं ते?

अंजनीच्या मागं, करपलेल्या गवतात, ती उभी होती. पाठमोरी. खाणीच्या काठावर. पायाची बोटं काठाच्या बाहेर. एक हात पुढं केलेला, खालून कोणी धरायला यावं तसा.

त्याच्या तोंडात नाव आलं. "सा..." एवढंच. त्यानं ओठ चावला. रक्त आलं. आजही खूण आहे, बघा कधी.

धावत जावं तर वीस पावलं. तिनं एक टाकलं की झालं.

तो सायकलवरनं उतरला. रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. छाती फुटेल एवढ्यानं ओरडला,

"नंबर!"

ती हलली नाही.

"एक!" राहीचा नंबर. "दोन!" स्वतःच म्हणत गेला. "तीन! चार!... पाच!"

आणि थांबला.

काही नाही.

ऊन.

खाणीतून थंड वारा आला. मे महिन्यात. कातळावर.

"पाच!" तो पुन्हा ओरडला. आवाज फाटला. "पाच, गो बाय... पाच!"

किती वेळ गेला, त्याला सांगता येत नाही. मग अगदी बारीक, झोपेत बोलल्यासारखं...

"सहा."

तिचा. तिचाच आवाज.

"सात!" तो म्हणाला. आणि शेपूट हा शब्द ओठांवर आला होता, तो त्यानं गिळला. कारण मोजणी पुरी करायची होती. आणि तो शेवटचा नव्हता.

वाट बघत राहिला.

त्याच्या मानेच्या मागं, हातभर अंतरावर... कोणीतरी श्वास घेतला. झील धरणारा सूर लावायच्या आधी घेतो, तसा. खोल.

"आऽऽठ..."

"..."

"...शेऽपूऽऽट."

गुरुप्रसादनं मागं पाहिलं नाही. पण आता बोलायचं त्यालाच होतं. पुढच्या माणसानं म्हणायचा तो शब्द. एकोणऐंशी साली कोणी म्हटला नव्हता तो.

"पूर्ण," तो म्हणाला.

मागं काहीतरी सैल झालं. कसं सांगू? खांद्यावरनं ओझं उतरवून कोणी बाजूला ठेवावं, तसं. त्यानं अंजनीची डहाळी मोडली. ढिगावर ठेवली. हात जोडले. आता एकच शब्द राहिला होता, आणि तो काही केल्या येईना. चाळीस वर्षं ज्या जिभेला येतो येतो शिकवलं, ती दुसरं काही बोलायला तयार नाही. तोंड उघडलं की ये... ये... एवढंच. तो माणूस तिथं उन्हात उभा राहून रडला, पोरांनो.

मग म्हणाला.

"जातो, भागोजीबाबा. मी जातो. ही पण जाते."

सानवी मागं वळली. तिनं इकडंतिकडं पाहिलं, पायाखाली पाहिलं आणि किंचाळून मागं पडली. तो धावत गेला, तिला उचललं, रस्त्यावर आणलं.

"काका," ती म्हणाली, "तूच तर खाली होतास ना? तू हात वर केलास. मला म्हणालास, थांब तिथंच. येतो हां..."

आत्येनं दोघांना सरबत पाजलं, मीठ-मिरची ओवाळून टाकली. तवसाळच्या धक्क्यावर बाकीचे बोटीची वाट बघत बसलेले. राही संतापली होती. "कुठं होतीस गं? आत्तापर्यंत तर होतीस!" तिनं शपथेवर सांगितलं, कातळ सोडल्यापासून तीनदा नंबर घेतला, तिन्ही वेळा सहाव्याला सानवीचा आवाज आला. स्पष्ट. ऋतिका तर म्हणाली, "माझ्या मागंच होती की. गुणगुणत पण होती. कसलं तरी लांबट गाणं." बाबल्यानं सानवीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढं रत्नागिरीपर्यंत एक चेष्टा केली नाही. यावरनं काय ते समजा.

नेली तशी परत आणली त्यानं. वहिनीला आजतागायत कोणी काही सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी दुकानाच्या फळ्या काढत होतो. गुरुप्रसाद सायकल हातानं ढकलत आला. बसला नाही. सगळं उभ्यानं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसं. आणि म्हणाला, "भिकाजीभाऊ, सीटच्या खाली बघा. काल रात्री सायकल धुताना दिसलं. तारेची गाठ सुटत नाही."

मी वाकलो.

तुम्हाला माहीत नसेल, पूर्वी सायकलीलाही कर असायचा. वर्षाचा कर भरला की पंचायत पत्र्याचा एक बिल्ला द्यायची, तो सायकलीला तारेनं बांधायचा. तसा बिल्ला. त्यावर साल, १९७९. खाली क्रमांक, ८. आणि गंज म्हणाल तर टिपूस नाही. नवा कोरा. बोट लावलं, तर बोटाला हिरवा रंग लागला. ओला.

पक्कड घेऊन मी गाठीपाशी गेलो आणि... थांबलो.

त्या वर्षी शिमग्याआधी आमच्या आठही सायकलींना बिल्ले एकाच माणसानं बांधले होते. त्याचा हात डावा. त्यामुळं तारेला पीळ उलटा पडायचा. उलटे दोन, वर एक आडवा. दुसऱ्या कोणाला ती गाठ जमत नाही. बांधायलाही, सोडायलाही.

हा बघा माझा हात. कुठला आहे?

गुरुप्रसादनं विचारलं, "सुटेल ना, भाऊ?" मी पक्कड बाजूला ठेवली. दोन बोटांनी नुसता हात लावला...

आणि ती गाठ आपसूक सुटली. तार माझ्या तळहातावर पडली. तापलेली होती. भर दुपारच्या उन्हात पडून राहिल्यासारखी.